मालवणात चार-पाच दिवस निवांत कसे काढायचे

दिवाळी जवळ आली की ओळखीच्या लोकांचे मेसेज सुरू होतात, "कोकणात चाललोय, जरा प्लॅन बघून दे ना". आणि प्लॅन काय असतो, तर पहिल्या दिवशी अलिबाग मुरुड, दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर दापोली, तिसऱ्या दिवशी गणपतीपुळे, चौथ्या दिवशी मालवण आणि "जमलं तर येताना गोवा". वर लिहिलेलं असतं रिलॅक्स ट्रिप. अरे बाबा, याच्यात रिलॅक्स कोण होणार, ड्रायव्हर तर नाहीच नाही, मागे बसलेल्या आईबाबांच्या कंबरेचं तर बोलूच नका.

कोकण नकाशावर चिंचोळं दिसतं म्हणून लोक फसतात. किनाऱ्याने जायचं म्हटलं की दर थोड्या अंतराने खाडी आडवी येते, मग एकतर आत वळून पूल गाठा नाहीतर जेट्टीवर गाडी लावून फेरीची वाट बघा. समोरचं गाव डोळ्यांना दिसत असतं आणि गाडीने तासभर लागतो. त्यामुळे माझं सरळ म्हणणं असं की एकच मुक्काम धरा, तिथनं एक बेट, दोन ड्राईव्ह आणि बाकीचा वेळ जेवण आणि झोप. आणि दिवसाचं टाईमटेबल पॉइंट बघून नाही, भरती-ओहोटी आणि त्या दिवशीची मासळी बघून लावायचं. हे एवढं जमलं की बाकी सगळं आपोआप जमतं.

मुक्कामासाठी मी मालवण-तारकर्ली-देवबाग पट्टा सांगते, कारण बेटावरचा किल्ला समोर, खाडी मागे, उत्तरेला देवगडपर्यंत आणि दक्षिणेला वेंगुर्ल्यापर्यंत दोन्ही बाजूचे रस्ते देखणे आणि जेवणाबद्दल तर काय सांगायचं. ज्यांच्याकडे जेमतेम तीन दिवस आहेत आणि मुंबई-पुण्याहून गाडीनेच जायचंय त्यांनी मात्र इतकं खाली येऊच नका. मुरुडला राहा, राजपुरीच्या जेट्टीवरनं होडीने जंजिरा बघा, मग आगरदांड्याहून फेरीत गाडी घालून दिघीला उतरा आणि दिवेआगर ते श्रीवर्धन समुद्राला चिकटून जाणाऱ्या रस्त्याने गाडी हळू हळू चालवा. तो रस्ता खरंच भारी आहे, अचानक चढ, वळण आणि समोर एकदम अख्खा समुद्र. तिकडे पण बेट, ड्राईव्ह, जेवण तिन्ही मिळतं. पण खाली मी लिहिणार ते मालवणचंच.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. हवा बरी, पाणी स्वच्छ, मासळी भरपूर, आणि या दिवसांत गावागावांत जत्रा आणि रात्रभर दशावतार चालू असतो, जवळपास कुठे असेल तर तासभर तरी बसाच. मार्च ते मे घाम काढतो पण हापूस, फणस, काजू, करवंदं, जांभळं सगळं याच दिवसांत, त्यामुळे खवय्यांनी एप्रिल धरला तरी मी नको म्हणणार नाही, फक्त दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं नाही हा नियम पाळा. 

पावसाळ्यात कोकण जितकं सुंदर दिसतं तितकं कधीच दिसत नाही, पण तेव्हा बेट विसरायचं. किल्ल्याची होडी वाहतूक बंद असते, स्कूबा वगैरे बंद, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. म्हणजे ताजी सुरमई त्या दिवसांत कोणी "आजचीच आहे" म्हणून वाढली तर समजून जा की बर्फातली आहे. त्या वेळी खाडीतले मासे, सुके बांगडे, सुकट, आणि टाकळा, फोडशी, अळंबी अशा रानभाज्या खायच्या, तो पण एक वेगळाच थाट आहे.

तीन तारखा टाळायच्या. एक गणपती, कारण तेव्हा अख्खी मुंबई कोकणात असते, ट्रेनला पाय ठेवायला जागा नाही, आणि घरगुती खानावळीवाले स्वतःच्या घरच्या गणपतीत असतात. दुसरं ख्रिसमस ते एक जानेवारी. तिसरी आंगणेवाडीची जत्रा, मसुऱ्याजवळची, ही साधारण फेब्रुवारीच्या आसपास येते पण तारीख ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग जाहीर होते. त्या दोन दिवसांत मालवण, कणकवली, कुडाळ कुठेही खोली मिळणं मुश्कील. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पोचायचं कसं

ट्रेन. मी प्रत्येकाला ट्रेनच सांगते. मुंबईहून मालवण गाडीने पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं आणि हायवेचं काम आता बरंच झालं असलं, कशेडीला बोगदा झालाय, सिंधुदुर्गातला खारेपाटणपासून खालचा चौपदरी रस्ता तर मस्त आहे, तरी मधले काही तुकडे अजून अंगावर येतात. सुट्टीचा पहिला दिवस त्यात घालवून नंतर दुसरा दिवस अंग दुखतंय म्हणून झोपून काढायचा, काय उपयोग. तुतारी, कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी यातली कुठलीही पकडा, पण आपली ट्रेन कुठे थांबते ते बघून कणकवली, सिंधुदुर्ग नगरी नाहीतर कुडाळचं तिकीट काढा. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला फोन हातात घेऊन बसायचं, नंतर "वेटिंग क्लिअर होईल का" विचारू नका, होत नाही. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाईमटेबल वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात, त्यामुळे तेव्हाच्या वेळा नव्याने बघा.

चिपीला विमानतळ आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण विमानं कधी कुठून आहेत ते बुकिंगच्या वेळीच तपासा, त्याच्या भरवशावर आधीच हॉटेलचे पैसे भरू नका.

पुणे-कोल्हापूरवाल्यांना मात्र गाडीच सोयीची. गगनबावडा उतरा नाहीतर राधानगरीवरनं फोंडा घाट, दोन्ही छान. घाटांची कामं अधूनमधून चालू असतात म्हणून निघायच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात कोणालातरी विचारून घ्या कुठला चालू आहे. आणि काळोख पडायच्या आत घाट उतरा. फोंड्याच्या वर दाजीपूरचं जंगल आहे, तिथे गवे रस्त्यावर येतात आणि वळणावर समोर गवा उभा असला की हॉर्न वाजवून काही होत नाही, दिवे मंद करून गप थांबायचं.

ट्रेनने आलात तर फिरायला मालवण-तारकर्लीत स्कूटर भाड्याने मिळतात, दोघांसाठी स्कूटरसारखं सुख नाही. चौघं-पाच जण असाल तर दोन लांबच्या दिवसांसाठी तिथलीच गाडी ड्रायव्हरसकट करा, तुमचा होमस्टेवाला ठरवून देतो. लोकल ड्रायव्हर असला की गाडी कुठे थांबवायची ते त्याला सांगावं लागत नाही.

राहायचं कुठे

मालवण गावात राहिलात तर बाजार, जेट्टी, खानावळी सगळं पायाखाली. तारकर्लीत लांबलचक किनारा आणि माड. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये जमिनीची पट्टी, काही ठिकाणी इतकी अरुंद की एका बाजूला पाय धुवून दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत सुकत नाहीत. रस्ता पुढे संपतो, त्यामुळे शांतता जास्त, पण प्रत्येक वेळी बाहेर पडायचं म्हणजे त्याच एका चिंचोळ्या रस्त्याने परत मागे, आणि सुट्टीच्या दिवशी समोरून ट्रॅव्हलर आली की कोण रिव्हर्स घेणार यावर चर्चा. म्हाताऱ्या माणसांबरोबर असाल तर मालवण, फक्त पाणी आणि झोपाळा हवा असेल तर देवबाग, असं माझं मत.

फोनवर बुकिंग करताना एसी आहे का, समुद्र किती लांब, हे सगळे विचारतात. तुम्ही विचारा की जेवण घरात कोण करतं. "आमची आई करते" असं उत्तर आलं की बुकिंग करून टाका. "मेन्यू कार्ड पाठवतो" आलं तर पुढचा नंबर लावा.

पंचांग बघा, हसू नका

बेटावर जायचं तर भरती-ओहोटी समजायलाच हवी, आणि त्याचा साधा हिशोब किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला तोंडपाठ असतो. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीनच्या सुमारास पूर्ण भरती, त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, नऊला पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच, दिवसातनं दोन वेळा. हा हिशोब मुंबई-अलिबागकडे बऱ्यापैकी बरोबर बसतो, मालवणकडे भरती थोडी आधीच लागते, त्यामुळे अंदाज पाऊणपटीने घ्या आणि पक्की वेळ मोबाईलवरच्या टाईड टेबलमध्ये बघा.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे फरक कमी. आता याचा तुमच्या सुट्टीशी काय संबंध, तर असा. देवबागच्या खाडीतलं ते त्सुनामी आयलंड म्हणतात ना, ते म्हणजे वाळूचा दांडा, भरतीला पाण्याखाली आणि ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहता येतं. भरतीच्या वेळी गेलात तर होडीत बसूनच "इथे आयलंड आहे" असं ऐकून परत याल. दांडीच्या किनाऱ्यासमोरचा पद्मगड, तिथे ओहोटीला खडकांवरनं चालत जाता येतं, पण कोणीतरी गावातला माणूस बरोबर घ्या आणि पाणी वळायच्या आत परत या. याउलट कर्लीच्या खाडीत कांदळवनात होडीने फिरायचं तर भरतीचं पाणी हवं, नाहीतर दोन्ही बाजूला नुसता चिखल दिसतो. म्हणून मी सांगते की पहिल्याच दिवशी पाचही दिवसांच्या ओहोटीच्या वेळा कागदावर लिहून काढा आणि मग ठरवा काय कधी. ओहोटी रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, तेवढं लक्षात ठेवलं की झालं.

आणि कितीही ओहोटी असली, कितीही कडक वाळू दिसली तरी गाडी किनाऱ्यावर उतरवायची नाही. रील बनवायच्या नादात गाडी रुतते, पाणी चढायला लागतं, आणि मग गावातली पोरं दोरखंड घेऊन येतात, पोलीसही येतात. दर सीझनला कुठे ना कुठे हे होतंच.

किल्ला

सिंधुदुर्ग सकाळी बघा, पहिल्या होड्यांमध्ये. महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर हा बांधला, २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झाली, आणि ती पूजा जिथे झाली तो मोरयाचा धोंडा अजून दांडीच्या किनाऱ्यावर आहे, खडकात गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले. बहुतेक लोक किल्ला बघतात आणि हा धोंडा न बघताच जातात, तर संध्याकाळी चालत जाऊन बघा.

होडीवाले साधारण तासाभराची वेळ देऊन परत न्यायला येतात. एका तासात धावत पळत होतं, म्हणून चढतानाच त्याला सांगा की आम्ही पुढच्या फेरीला येऊ, गर्दी नसेल तर ऐकतात. दरवाजा समुद्रातून सहज दिसत नाही, दोन बुरुजांच्या मधल्या वळणात लपवलाय, अगदी जवळ होडी आल्यावर कळतो, ते मुद्दाम बघा. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, तिथली मूर्ती आपण फोटोत बघतो तशी नाही, वीरासनातली आणि दाढी नसलेली. शिवाय तटाजवळच्या घुमटीत शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं आश्चर्य दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी, चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं पाणी, आणि किल्ल्यात अजूनही काही कुटुंबं राहतात. तटावरनं चक्कर मारायची तर टोपी, पाणी आणि घसरणार नाहीत अशी चप्पल, सावली नाही कुठे.

स्कूबा-स्नॉर्कलिंग करायचं असेल तर तेही सकाळीच, दुपारनंतर वारा सुटतो आणि पाणी गढूळ होतं. लाईफ जॅकेट नाही म्हणाला की उतरायचं होडीतून, वाद घालत बसायचं नाही. आणि देवबागच्या संगमावर पोहायचं नाही. नदी आणि समुद्र भेटतात तिथे वरनं पाणी शांत दिसतं आणि खाली ओढ असते.

दोन ड्राईव्ह

पहिली उत्तरेची, मालवण ते देवगड, पन्नासेक किलोमीटर, पण सकाळी आठला निघून संध्याकाळी परत या हिशोबाने जा. कोळंबचा पूल ओलांडला की मालवणची गर्दी संपते. वेळ असेल तर तोंडवळी-तळाशीलकडे वळा, ती पण देवबागसारखीच एका बाजूला नदी एका बाजूला समुद्र अशी पट्टी, फक्त माणसं कमी. सकाळी नशीब असेल तर किनाऱ्यावर रापण ओढताना दिसेल. लांबच लांब जाळं होडीने समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरनं माणसं ओढत आणतात, पंधरा-वीस जण एका लयीत मागे मागे चालत असतात. नुसतं व्हिडिओ काढत उभं राहण्यापेक्षा दोराला हात लावा, कोणी नको म्हणत नाही. जाळं वाळूवर आलं की पेडवे, बांगडे, सौंदाळे, एखादी मोरी म्हणजे छोटा शार्क, सगळं तडफडत असतं आणि तिथल्या तिथे वाटे पडतात. 

पुढे आचरा. रामेश्वराचं देऊळ बघण्यासारखं. या गावात काही वर्षांनी गावपळण असते, देवाचा कौल झाला की अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतं, झोपड्या बांधून. नेमकी तेव्हा गेलात तर दुकानं बंद का म्हणून गोंधळू नका. मग मिठबाव, तांबळडेग, आणि कुणकेश्वर, देऊळ अगदी समुद्राला लागून. महाशिवरात्र सोडून कधीही जा. इथनं देवगडला जाताना परत मोठ्या रस्त्याला लागू नका, मिठमुंबरी-तारामुंबरीच्या पुलावरनं जा. उजवीकडे बागा, डावीकडे खाली समुद्र, आणि चढावर एक जागा येते जिथनं मागचा कुणकेश्वरचा किनारा सगळा एका नजरेत दिसतो. तिथे थांबा. देवगडला किल्ल्यावर दीपगृह आहे, वर पवनचक्क्या आहेत. एप्रिल-मेमध्ये गेलात तर आंबा रस्त्यावरच्या "देवगड हापूस" पाटीला बघून घेऊ नका, बागायतदाराच्या घरी जाऊन पेटी घ्या, होमस्टेवाल्याच्या ओळखीचा कोणीतरी असतोच.

दुसरी ड्राईव्ह दक्षिणेची, आणि खरं सांगायचं तर माझी जास्त आवडती. मालवणहून चौके, धामापूर. धामापूरचा तलाव सोळाव्या शतकातला, काठावर भगवतीचं देऊळ, पाण्यापर्यंत पायऱ्या, चारी बाजूंनी झाडी. इथे गाणी लावून गोंधळ घालणारे ग्रुप आले की मला फार राग येतो, तर कृपा करून तुम्ही नको. मग नेरूरपारला कर्लीवरचा पूल, मग वालावल, तिथे लक्ष्मीनारायणाचं लाकडी कोरीव खांबांचं देऊळ आणि बाजूला परत तळं. इथला रस्ता सगळा गडग्यांमधून, दोन्ही बाजूला चिऱ्याच्या दगडाच्या भिंती, वरनं फणसाच्या फांद्या आणि काजूचा वास. परुळ्यावरनं भोगव्याला उतरा. देवबागच्या टोकावर उभं राहिलं की समोर पाण्यापलीकडे जो किनारा दिसतो तो हाच, होडीने पाच-दहा मिनिटं आणि गाडीने मात्र अर्धा जिल्हा फिरून, वर म्हटलं ना तेच. निवतीच्या छोट्या किल्ल्यावर चढलात तर भोगव्याचा किनारा वरनं दिसतो, चढ फार नाही.

तिथनं म्हापण करत वेंगुर्ला. वेंगुर्ल्याचा बंदर, दीपगृह, बाजार, तिथे काजू घ्या. ताकद असेल तर पुढे आरवलीचा वेतोबा, त्याला नवस फेडायला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, देव रात्री गावभर फिरतो म्हणून त्या झिजतात असं मानतात. त्याच्या पुढे शिरोडा, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला होता. पण मुलं कंटाळली असतील तर वेंगुर्ल्यावरनंच मठमार्गे कुडाळ करून परत फिरा. एका दिवसात रेडी, सावंतवाडी, आंबोली पण करू असं कोणी गाडीत म्हटलं तर त्याला पुढच्या सीटवरनं मागे बसवा.

रस्त्यांबद्दल थोडं. एसटी आली की तिला आधी जाऊ द्या, तिची वेळ असते आणि ड्रायव्हरला वळण न वळण पाठ असतं. चिऱ्याचे ट्रक आणि डंपर असतात, त्यांच्या मागे लागून ओव्हरटेक करायची घाई नको. मॅप कधीकधी शॉर्टकट म्हणून पाणंदीत घालतो, पुढे गाडी वळवायला पण जागा नसते, त्यामुळे रस्ता बारीक व्हायला लागला की काच खाली करून माणसाला विचारा. पेट्रोल निघतानाच भरा आणि रोख पैसे जवळ ठेवा, किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये रेंज गेली की पेमेंट अडकतं.

जेवणाचं

आता मुख्य मुद्दा. मालवणात जाऊन सुरमई थाळी सगळेच खातात, त्यात वाईट काही नाही, पण सुरमई-पापलेट मुंबईतही मिळतं हो. जेवायला बसताना मेन्यू मागू नका, विचारा, "काकी, आज काय ताजा गावला?" बांगडा म्हणाली तर बांगड्याचं तिखलं मागा, तिरफळं घातलेलं. मुडदुशे असतील तर तळलेले, चव म्हणजे चव. पेडवे असतील तर तेही घ्या, बारीक मासा म्हणून नाक मुरडू नका. तिसऱ्यांचं सुकं, कालवं, खाडीच्या कुर्ल्यांचं सार. कुर्ल्या पौर्णिमेच्या आसपास पोकळ आणि अमावस्येला भरलेल्या असं आमच्याकडे म्हणतात, म्हणजे पंचांग इथेपण कामाला आलं. मोरीचं मटण एकदा चाखून बघा. कोंबडी वडे ज्या दिवशी दुपारी काही करायचं नसेल त्याच दिवशी, कारण त्यानंतर ड्राईव्ह होत नाही. आणि सोलकढी जेवणाच्या शेवटी, पहिल्याच मिनिटाला ग्लासभर पिऊन टाकलीत तर भाताबरोबर काय घेणार. चांगल्या सोलकढीचा रंग फिका गुलाबी असतो, भडक गुलाबी दिसली की मला शंका येते.

सोमवारी आणि संकष्टीला बऱ्याच घरी वशाट, म्हणजे मासे-मटण, शिजत नाही, तेव्हा आधी विचारून ठेवा. आणि ज्यांना मासे चालत नाहीत त्यांनी अजिबात उपाशी राहायची भीती बाळगू नका, शिवराक जेवण पण तितकंच जोरदार असतं. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे, फणसाची भाजी, मार्चच्या आसपास ओल्या काजूची उसळ, कुळथाची पिठी आणि गरम भात. कुळथाची पिठी हॉटेलात मिळत नाही म्हणून मागायची लाज वाटते लोकांना, घरात मागा, काकी खूश होते.

नाश्त्याला पोहे-ऑम्लेट सांगू नका. घावणे आणि चटणी, आंबोळी, आणि एक दिवस तरी शिरवाळे. हे मात्र आदल्या दिवशी सांगावे लागतात. "काकी, उद्या शिरवाळे होतील काय?" म्हटलं की उत्तर येतं, "करतंय मा, पण किती जणांचे ता आत्ताच सांगा". कारण त्याला मेहनत आहे. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवतात, आणि ते गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबतात, थंड झाले की दाबलेच जात नाहीत. एकजण साच्याच्या दांड्यावर सगळं अंग टाकतो आणि दुसरी खाली ताट फिरवत पांढऱ्या शेवया झेलते, त्यामुळे नवऱ्याला पण त्या दिवशी लवकर उठावं लागतं. मग वरनं नारळाचा रस, गूळ आणि वेलची. गरम शेवई आणि गार रस. तुम्ही साडेसातला स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिलात तर साचा दाबायला तुम्हालाही देतील, एक गोळा दाबून बघा म्हणजे कळेल.

मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो तोही बघा, वेळ तिथेच विचारा कारण होड्या कधी लागतात त्यावर अवलंबून. लिलाव घाऊक असतो, आपण मध्ये तोंड घालायचं नाही. नंतर बाजूला बसलेल्या बायकांकडनं वाटा घ्या आणि होमस्टेला नेऊन द्या, करून देण्याचे वेगळे पैसे घेतात ते आधी ठरवा. घेताना कल्ले उचलून बघा, लाल हवेत, डोळे चकचकीत आणि बोट दाबल्यावर मास वर यायला हवं. भाव करा, पण दहा-वीस रुपयांसाठी फार ताणू नका, ती बाई पहाटेपासून तिथे असते.

दिवस कसे लावायचे ते थोडक्यात सांगते, बाकी तुम्ही तिथी बघून फिरवा. पोचलात त्या दिवशी काहीच नाही, जेवा, झोपा, संध्याकाळी किनारा. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, दुपारी झोप, संध्याकाळी मोरयाचा धोंडा आणि बाजार. तिसऱ्या दिवशी दक्षिणेची ड्राईव्ह. चौथा दिवस ओहोटीचा, जिथे ओहोटी सकाळच्या वेळेत पडते तो दिवस यासाठी ठेवा, खाडी, वाळूचा दांडा, पोहणं आणि दुपारी कोंबडी वडे. पाचव्या दिवशी उत्तरेची. एक दिवस कमी असेल तर ड्राईव्ह कापा, झोपेचा दिवस कापू नका.

परत निघताना बाजारात आमसुलं, कोकम आगळ, मालवणी मसाला आणि खाजं. आगळ आणि सरबत वेगळं, सोलकढीला आगळ लागतं, सरबतात साखर असते, बाटली नीट वाचून घ्या. मसाला घरगुती गटाच्या बायकांकडनं घेतलात तर उत्तम, डबा उघडून वास घ्यायला देतात. आगळाच्या बाटलीचं झाकण टेप लावून बंद करा आणि ती कपड्यांच्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत ठेवा, तो डाग निघत नाही. संध्याकाळची ट्रेन असेल तर मालवणातनं दोन तास हातात ठेवून निघा, आणि काकींना सकाळीच सांगून डबा बांधून घ्या, घावणे आणि सुकी चटणी रात्रीपर्यंत मस्त टिकतात.